औषध मारताना हात न लावता फोन: स्क्रीन बंद झाली की ‘हे गूगल’ ऐकत नाही, फोन बदलावा का?

बेदाणा_तासगाव

नमस्कार मंडळी. द्राक्षबागेत ट्रॅक्टर-ब्लोअरनं औषध मारताना फोन हात न लावता वापरता यावा, एवढीच गरज आहे. हातात जाड रबरी मोजे, तोंडाला मास्क, फोन शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पाउचमध्ये. मोज्यांनी स्क्रीन चालत नाही, आणि मोजे काढून औषधाच्या हातानं फोन धरायचा नाही. कामं तीनच: घरी किंवा मुकादमाला फोन लावणे, आलेला फोन उचलणे, टायमर लावणे. हुकूम मराठीतून चालावेत.

सध्या अँड्रॉइड फोन आहे. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. अडचणी अशा:

स्क्रीन चालू असली की ‘हे गूगल’ला लगेच ओ देतो, लॉक होऊन खिशात गेला की मुका. कधी ओ दिलीच तर ‘आधी अनलॉक करा’ म्हणतो. फोन लावायला सांगितलं तर सिम १ का सिम २ विचारत थांबतो. आणि शेडमध्ये भावाचा फोनही माझ्या हाकेला जागा होतो.

बजेट १५ ते १८ हजार. सांगलीत एक दुकानदार म्हणतो बिक्सबी, म्हणजे सॅमसंगची स्वतःची बोलकी असिस्टंट, असलेला सॅमसंग घ्या, दुसरा म्हणतो थोडे वाढवून जुना आयफोन घ्या, त्यातल्या सिरी असिस्टंटला तोड नाही. फोन बदलून खरंच फरक पडेल का? आणखी एक शंका. चॅटजीपीटी, पर्प्लेक्सिटी ही एआय ॲप्स एवढी हुशार म्हणतात, मग त्यांना हाक मारून उठवता का येत नाही?

मिरज_सर्किट

दादा, फोन बदलायच्या आधी दोष कुठं आहे ते वेगळं काढा. हाक ऐकणारा आणि पुढचं वाक्य समजणारा हे दोन वेगळे गडी आहेत, आणि दोघांचे आजार वेगळे.

हाक ऐकायचं काम फोनमध्येच होतं, इंटरनेट लागत नाही. स्क्रीन बंद असताना मुख्य प्रोसेसर झोपलेला असतो. जागा असतो तो एक छोटा, कमी विजेवर चालणारा भाग, डीएसपी. तो माइकचा आवाज सतत चाळत असतो आणि ‘हे गूगल’सारखं काही आलं की मोठ्या प्रोसेसरला उठवतो. मोठा प्रोसेसर तोच तुकडा जास्त काटेकोर मॉडेलवर पुन्हा तपासतो, आवाज मालकाचाच आहे का पाहतो, मग ओ देतो. ॲपलनं ‘हे सिरी’ची रचना २०१७ मध्ये उघडपणे मांडली, तीही अशीच दोन पायऱ्यांची आहे. पुढचं वाक्य, म्हणजे ‘आईला फोन लाव’, हे मराठीत असेल तर बहुतेक वेळा इंटरनेटवरून ओळखलं जातं.

म्हणून पहिली चाचणी. एरोप्लेन मोड लावा, स्क्रीन बंद करा, फोन टेबलावर ठेवा, शांत खोलीत हातभर अंतरावरून हाक द्या. फोन जागा होऊन ‘इंटरनेट नाही’ असं काहीतरी म्हणाला, तर हाक ऐकणारा भाग ठीक आहे. बागेतला दोष रेंज, पाउच किंवा गोंगाटाचा. काहीच झालं नाही तर पुढचं क्रमानं बघा.

(१) जेमिनी म्हणजे गूगलचा नवा असिस्टंट. जेमिनी ॲप → प्रोफाइल फोटो → सेटिंग्ज → ‘टॉक टू जेमिनी हँड्स-फ्री’ → ‘हे गूगल’ चालू. अजून जुना असिस्टंट असेल तर गूगल ॲप → सेटिंग्ज → गूगल असिस्टंट → ‘हे गूगल अँड व्हॉइस मॅच’. तिथंच आवाजाचं मॉडेल पुसून पुन्हा शिकवा, आणि शिकवताना मास्क लावूनच बोला. मास्कमुळे स, श, च ही अक्षरं बोथट होतात. मोकळ्या तोंडानं शिकवलेलं मॉडेल मास्कमागचा आवाज परका समजू शकतं.

(२) लॉकवरची परवानगी वेगळी असते, ‘अनलॉक करा’ त्यामुळेच येतं. जेमिनीच्या सेटिंग्जमध्ये ‘जेमिनी ऑन लॉक स्क्रीन’ उघडा. आत अनलॉक न करता वापरण्याचा आणि अनलॉक न करता कॉल-मेसेज करण्याचा असे स्वतंत्र पर्याय आहेत, दोन्ही चालू करा. असिस्टंटवरून जेमिनीवर आल्यानंतर हे पुन्हा तपासावं लागतं. याची किंमतही लक्षात घ्या: फोन दुसऱ्याच्या हाती पडला आणि आवाज जुळला, तर त्यालाही कॉल लावता येईल.

(३) बॅटरी. सेटिंग्ज → ॲप्स → गूगल → बॅटरी → ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’. ऑटोस्टार्टचा वेगळा पर्याय असेल तर तोही चालू. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये कंपनी पाठीमागे चालणारी ॲप्स फार कडकपणे मारते. बॅटरी सेव्हर बंद ठेवा. तो चालू केला की ‘हे गूगल’ थांबू शकतं, हे काही फोनांत त्याच पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही.

(४) सिम. सेटिंग्ज → सिम → कॉल्स, तिथं ‘आस्क एव्हरी टाइम’ काढून एक सिम ठरवून टाका. एखाद्या संपर्काचे दोन नंबर असतील तर नंबर दाबून धरून ‘सेट डिफॉल्ट’ करा, नाहीतर ‘कुठला नंबर?’ विचारून पुन्हा थांबेल.

(५) नावं. ‘पप्पू’, ‘पप्पू २’, ‘पप्पू नवीन’ अशी यादी असेल तर कुठलाही असिस्टंट गोंधळणार. मुकादमाचं नाव दोन शब्दी, इतर कुणाशी न जुळणारं ठेवा. इंग्रजी स्पेलिंगमुळे उच्चार चुकत असेल तर गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये उच्चाराचा वेगळा रकाना असतो, तो भरा.

भाषेसाठी एक युक्ती: आधी फक्त इंग्लिश (इंडिया) ठेवून हाक आणि एक साधा हुकूम चालतो का बघा, मग मराठी लावा. बिघाड हाकेत आहे की मराठीत, ते लगेच समजतं.

एवढं करूनही टेबलावर स्क्रीन बंद असताना मुकाच राहिला, तर मात्र त्या मॉडेलमध्ये डीएसपीवर हाक ऐकायची सोय कंपनीनं जोडलेली नसण्याची शक्यता मोठी. ती सेटिंग्जमधून आणता येत नाही. स्वस्त मॉडेलमध्ये खर्च वाचवायची ही नेहमीची जागा आहे आणि खोक्यावर तसं छापत नाहीत.

भावाच्या फोनचं म्हणाल तर एकाच घरातले आवाज जवळचे असतात. दोघांनी मॉडेल पुन्हा शिकवा. तरी नाही जमलं तर एकाच्या फोनवर हाक बंद करून बटणावर या. एकाच खात्यावरची उपकरणं आपसांत ठरवतात कुणी ओ द्यायची ते, दोन वेगळ्या खात्यांचे फोन ठरवत नाहीत.

हळदपेठ

यानं बॅटरी किती जाते? आमच्याकडं सगळे बंदच ठेवतात.

मिरज_सर्किट

हाक ऐकण्यानं नगण्य. डीएसपी काही मिलीवॅटवर चालतो. ५ मिलीवॅट धरले तरी २४ तासांत ०.१२ वॅट-तास होतात. ५,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास असतात, म्हणजे दिवसाला एक टक्कासुद्धा नाही. बॅटरी खाते ती कमी रेंजमध्ये टॉवर शोधण्यात, आणि टीव्हीच्या आवाजानं फोन उगाच जागा होत असेल तर त्यात.

कृष्णाकाठ_औदुंबर

वरची सेटिंग्ज बरोबर आहेत, पण पाव्हणं, चालू ब्लोअरशेजारी खिशातला फोन हाक ऐकेल ही आशाच सोडा. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर आवाज ९० डेसिबलच्या आसपास असतो, साधं बोलणं ६०. त्यात प्लास्टिकचं पाउच आणि वर एप्रन. १५ हजाराचा असो नाहीतर लाखाचा, माइकला पोचतच नाही तर चिप काय करणार?

इलाज माइक तोंडाजवळ आणण्याचा. अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो. खिसा तोंडापासून ४० सेंटिमीटरवर, दांडीवाल्या हेडसेटचा माइक ५ सेंटिमीटरवर. म्हणजे अंतर आठपट कमी, फायदा १८ डेसिबल. कुठल्याही फोन बदलण्यानं एवढा मिळणार नाही.

हेडसेट घेताना हे बघा. एका कानाचा, पुढं दांडी असलेला, ट्रकवाले वापरतात तसा. गळ्यातला नेकबँड नको, त्याचा माइक कॉलरवर घासतो आणि तोंडापासून लांब राहतो. दाबल्यावर टक होणारं खरं बटण हवं. स्पर्शाचं नको, रबरी मोज्यानं ते ओळखत नाही. तुषार उडणार म्हणून किमान आयपीएक्स४, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारा. आणि ‘एचडी व्हॉइस’ किंवा ‘वाइडबँड’ असं लिहिलेला. साध्या ब्लूटूथ कॉलमध्ये आवाज ८ किलोहर्ट्झवर घेतात, वाइडबँडमध्ये १६ वर. ८ वर स आणि फ मधला फरक पुसट होतो, मग ‘सदाशिव’ सांगितलं की भलत्यालाच फोन.

हाकेचा नादही सोडा. फोन लॉक असताना कमी विजेवर ऐकण्याची सोय फोनच्या स्वतःच्या माइकला जोडलेली असते, बहुतेक साध्या ब्लूटूथ हेडसेटच्या माइकला नाही. ॲपलच्या एअरपॉड्स इअरफोनना २०१९ पासून ‘हे सिरी’ ऐकता येतं ते त्यांच्यात स्वतःची एच१ चिप आली म्हणून. तेव्हा हेडसेटचं बटण दाबून धरायचं, टुंग वाजलं की बोलायचं. गूगलच्या व्हॉइस सेटिंगमध्ये लॉक असताना ब्लूटूथवरून विनंती घेण्याची परवानगी शोधून चालू करा. आलेला फोन त्याच बटणानं उचलला जातो. सॅमसंगमध्ये तर फोन ॲप → सेटिंग्ज → ‘आन्सरिंग अँड एंडिंग कॉल्स’मध्ये ब्लूटूथ हेडसेट जोडलेला असताना आपोआप उचलण्याचा पर्याय आहे, आणि कोणाचा फोन आहे ते नाव मोठ्यानं वाचण्याचाही.

दुसरा कान उघडा राहतो त्यात कापूस नको, चांगला इअरप्लग घाला. ९० डेसिबलमध्ये रोज चार-पाच तास म्हणजे कानाचं नुकसान ठरलेलं.

कराड_ओगलेवाडी

जुन्या आयफोनबद्दल. सिरीची स्वतंत्र मराठी भाषा नाही. भारतीय इंग्रजीत मराठी शब्द मिसळलेले समजतात, पण ‘मुकादमाला फोन लाव आणि लगेच ये म्हणून सांग’ असं अखंड मराठी हवं असेल तर नको.

घेतलाच तर एक गोष्ट माहीत असू द्या: आयफोन पालथा असला किंवा झाकलेला असला की ‘हे सिरी’ मुद्दाम ऐकत नाही. खिसा म्हणजे झाकलेलाच. सेटिंग्ज → ॲक्सेसिबिलिटी → सिरी, तिथं ‘ऑलवेज लिसन’चा पर्याय चालू करावा लागतो. हे न सांगताच लोक फोन विकतात आणि घेणारा माइक दुरुस्तीला नेतो.

आयओएस १८ (आयफोनच्या सिस्टिमची आवृत्ती) पासून ॲक्सेसिबिलिटीत ‘व्होकल शॉर्टकट्स’ आलंय. त्यात आपला शब्द तीन वेळा म्हणून शिकवायचा आणि त्याला एखादं काम जोडायचं. शब्द चार-पाच अक्षरांचा, रोजच्या बोलण्यात न येणारा घ्या. ‘अगं’ दिलंत तर दिवसभर फोन लागत राहतील.

अजिंक्यतारा_सातारा

शेवटच्या शंकेचं उत्तर कुणी दिलं नाही, आणि फोन कंपन्यांची खरी ओढाताण तिथंच आहे.

स्क्रीन बंद असताना माइक चाळायची परवानगी अँड्रॉइडमध्ये साध्या ॲपला मिळत नाही. ती फक्त फोनसोबत आलेल्या, सिस्टिमनं विशेष अधिकार दिलेल्या ॲपसाठी राखीव आहे. प्ले स्टोअरवरून उतरवलेलं चॅटजीपीटी किंवा पर्प्लेक्सिटी कितीही हुशार असलं तरी डीएसपीपर्यंत पोचत नाही. सेटिंग्ज → ॲप्स → डिफॉल्ट ॲप्स → ‘डिजिटल असिस्टंट ॲप’मध्ये जाऊन तुम्ही पर्प्लेक्सिटी निवडू शकता, मग बाजूचं बटण दाबून धरलं की ते उघडेल. म्हणजे बटण तुमच्या मर्जीचं, हाक कंपनीच्या मर्जीची. आयफोनवर तर स्क्रीन बंद असताना हाकेनं उठते ती फक्त सिरी.

याला खासगीपणाचं कारण देतात आणि ते खोटं नाही. कुठल्याही टॉर्चच्या ॲपला चोवीस तास माइक ऐकता आला असता तर काय झालं असतं, विचार करा. पण त्याच कुलपाचा धंद्यालाही फायदा होतो, हेही तितकंच खरं.

क्रम बघितला की समजतं. सिरी २०११ मध्ये आयफोन ४एसबरोबर आली, बटण दाबून. सॅमसंगनं २०१२ मध्ये गॅलेक्सी एस३वर एस व्हॉइस हे आपलं असिस्टंट दिलं. २०१३ मध्ये मोटो एक्सनं, तेव्हा मोटोरोला गूगलच्या मालकीची होती, वेगळी छोटी चिप घालून स्क्रीन बंद असताना हाक ऐकून दाखवली. ॲपलचं ‘हे सिरी’ २०१४ मध्ये आलं ते चार्जर लावलेला असेल तरच, कारण ऐकायचं काम अजून मोठ्या प्रोसेसरवर होतं. चार्जरशिवाय ते २०१५ च्या आयफोन ६एसवर जमलं. म्हणजे ही शर्यत पहिल्यापासून चिपची आहे. गोड आवाज आणि नाव नंतर.

सॅमसंगनं २०१७ मध्ये बिक्सबी काढली आणि गॅलेक्सी एस८ला तिच्यासाठी खास बटण दिलं. लोकांना ते बटण दुसऱ्या कामाला हवं होतं, सॅमसंग देईना. २०१९ मध्ये एस१०च्या वेळी अखेर परवानगी दिली. आणि २०२५ च्या एस२५वर बाजूचं बटण दाबून धरलं की थेट जेमिनी उघडते, बिक्सबी मागं सरली. गूगल त्या जेमिनीसाठी सॅमसंगला दरमहा पैसे मोजते, हे त्याच वर्षी गूगलच्या सर्च मक्तेदारीवरच्या अमेरिकेतल्या खटल्यात साक्षीत बाहेर आलं. त्या खटल्यात सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं सर्च, क्रोम, असिस्टंट आणि जेमिनी यांच्यासाठी ‘फक्त आमचंच ठेवा’ अशा करारांना मनाई केली. पैसे देऊन जागा घेणं मात्र थांबवलं नाही.

आपल्याकडं भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडबाबत गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं तो कायम ठेवला. त्यातून कंपन्यांना गूगलची ॲप्स सुटी सुटी घ्यायची मुभा आली. भर सर्च, क्रोम, यूट्यूबवर होता.

शाओमी, ओप्पो, विवो यांची चीनमध्ये स्वतःची बोलकी असिस्टंट आहेत, कारण तिथं गूगल नाही. भारतात विकताना मात्र गूगलचंच येतं. म्हणून तुमच्या बजेटमधल्या बहुतेक सगळ्या फोनमध्ये मराठी समजणारा गडी एकच आहे. असिस्टंटला मराठी २०१८ मध्ये आली, जेमिनीला जून २०२४ मध्ये. बिक्सबीला मराठी नाही, त्यामुळं तिच्या नावावर जास्तीचे पैसे मोजायचं कारण नाही. कंपन्यांमधला फरक उरतो तो डीएसपीवर हाक जोडलीय का, माइक किती चांगले आणि बॅटरीच्या नावाखाली गूगल ॲपला किती मारतात, एवढ्याच तीन गोष्टींत.

दुकानातल्या नमुना फोनवर हे तपासता येत नाही, त्यात खातं घातलेलं नसतं. पैसे द्यायच्या आधीच ठरवून घ्या: खोकं उघडून, आपलं खातं घालून, आवाज शिकवून, स्क्रीन बंद करून हाक द्यायची, नाही चाललं तर दुसरं मॉडेल. सांगलीच्या विश्रामबागेतले काही दुकानदार ऐकतात. जो ऐकत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

बेदाणा_तासगाव

सगळ्यांचे आभार. एरोप्लेन मोडची चाचणी केली: टेबलावर स्क्रीन बंद असताना ओ देतो. पाउचमध्ये घातला की नाही. सिमचा आणि लॉकचा प्रश्न सेटिंगनं सुटला. म्हणजे फोन ठेवतो, हेडसेट बघतो.

आता जोडून एक. विहिरीवरच्या मोटारीला सिमवाला मोबाइल स्टार्टर आहे. फोन लावून १ दाबलं की मोटार चालू, २ दाबलं की बंद. हे बोलून होईल का?

मिरज_सर्किट

होईल. दोन संपर्क करा. नंबर लिहून झाला की डायलरच्या मेनूतून ‘ॲड २-सेकंड पॉज’ निवडा, नंबरापुढं स्वल्पविराम येईल, त्यापुढं १. दुसऱ्या संपर्कात तसंच करून २. फोन उचलला गेला की आकडा आपोआप जातो. स्टार्टर आधी रेकॉर्ड केलेलं वाक्य बोलत असेल तर ते संपेपर्यंत दोन-तीन स्वल्पविराम टाका, प्रत्येकाचे दोन सेकंद. मेनूतला ‘वेट’ मात्र घेऊ नका. त्यात अर्धविराम येतो आणि आकडा पाठवू का म्हणून स्क्रीनवर विचारतो, म्हणजे पुन्हा मोजे काढा.

नाव ‘मोटार बंद’ असं ठेवू नका. ‘मोटार बंद कर’ म्हटलं की जेमिनी ते घरातल्या स्मार्ट उपकरणाचा हुकूम समजू शकते. ‘विहीर एक’ आणि ‘विहीर दोन’सुद्धा नको, गोंगाटात शेवटचा शब्दच गिळला जातो. पहिल्याच अक्षराला वेगळी पडणारी नावं घ्या, जसं ‘गंगा’ चालू करायला आणि ‘थांबा’ऐवजी ‘भीमा’ बंद करायला. ‘थांबा’ म्हटलं की असिस्टंट स्वतःच थांबतो.

स्टार्टरमध्ये तुमचा नंबर अधिकृत म्हणून नोंदलेला हवा आणि कॉल त्याच सिमवरून जायला हवा. वर एक सिम ठरवलंत ते इथंही लागतं. मोटार खरंच सुरू झाली का, याचा उलट एसएमएस स्टार्टरमध्ये चालू करून घ्या. कॉल लागला म्हणजे मोटार चालू झाली असं नाही, एक फेज गेलेला असेल तर स्टार्टर कॉल घेतो आणि मोटार उचलत नाही. विहिरीवर कुणी पाइप किंवा फुटव्हॉल्व्हचं काम करत असेल त्या दिवशी तिथला मेन स्विच हातानं पाडूनच ठेवायचा.

पाउचबद्दल राहिलं. फोन खिशात उलटा ठेवून बघा, मुख्य माइक बहुतेक फोनमध्ये खालच्या कडेला चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो, तो वर येईल. त्या भोकात गंधकाची भुकटी किंवा बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या औषधाचा) थर बसला असेल तर कोरड्या मऊ टूथब्रशनं झाडा. टाचणी घालू नका, आतली जाळी फाटते.

बेदाणा_तासगाव

उलटा ठेवून बघितला. पाउच असतानाही ट्रॅक्टर बंद असला की ऐकतो, चालू असला की नाही. हेडसेट मागवतो.